अकरा दारांच्या पायऱ्या

मार्गशीर्ष लागला की धुळ्यातल्या देवपूरच्या या दुसऱ्या मजल्यावर संध्याकाळी धूर येतो. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा धूर. त्यात वांग्याची साल जळल्याचा वास असतो. आधी करपट, मग गोडसर, आणि शेवटी भाजलेल्या हिरव्या मिरचीचा ठसका. खालच्या अंगणात कुणीतरी भरिताची वांगी भाजत असतं. खानदेशात थंडी आल्याचं असं कळतं. स्वेटर नंतर निघतात.

हा धूर आला की मला एक कागद आठवतो. वर्तमानपत्राचं पान लावण्याआधी त्याचा आराखडा ज्या कागदावर काढतात, तो. आठ कॉलमांचा. त्यावर कुणीतरी निळ्या पेन्सिलीने दोन आडव्या रेषा मारल्या होत्या, त्यामुळे बरोबर चोवीस चौकटी झाल्या होत्या. एका तासाला एक. ती निळी पेन्सिल माझी होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि तिथेच मेहरूण भागात एका खोलीत राहत होतो. दुपारी चारला कामावर जायचं, पान छपाईला सुटलं की परत यायचं, उन्हं वर आल्यावर उठायचं. ज्या शहराच्या बातम्या आम्ही रोज छापत होतो ते शहर आम्ही पाहत नव्हतो. सराफ बाजारात काय घडलं हे सराफ बाजारात न जाता कळत होतं. बातमीदार वसंतभाऊ तेवढा बाहेर फिरायचा. तो धुळ्याकडच्या एका खेड्यातला. ऑफिसात शुद्ध बोलायचा, आणि रंगात आला की अहिराणीवर यायचा.

तिसरे आबा. मुद्रितशोधक. पन्नाशी ओलांडलेले, बारीक, कानाला दोरीने बांधलेला चष्मा. बोदवडला राहायचे. रोज दुपारच्या पॅसेंजरने यायचे, रात्री काम संपल्यावर कागदाच्या गठ्ठ्यांवर पाठ टेकायचे आणि पहिल्या गाडीने परत जायचे. असं सव्वीस वर्षं. जळगावात ते रोज असायचे, पण स्टेशन ते ऑफिस आणि ऑफिस ते स्टेशन, एवढंच. जेवण डब्यातलं. दोन भाकरी, एक कोरडी भाजी, मिरचीचा ठेचा.

तरी शहरातल्या खाण्याबद्दल आबांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. कारण साधं होतं. आमच्या छापखान्यात बाहेरचीही कामं व्हायची, आणि शहरातल्या बहुतेक हॉटेलांची मेनूकार्डं आमच्याकडेच छापली जायची. त्यांची प्रुफं आबा वाचायचे. कुठल्या हॉटेलात पाटवड्यांची भाजी फक्त गुरुवारी असते, कुणी शेवभाजीचे दोन प्रकार केलेत, कुणी यंदा डाळीच्या गोळ्यांची फुणके-कढी बंद केली, हे त्यांना तोंडपाठ. यांतलं एकही त्यांनी खाल्लेलं नव्हतं.

“आबा, तुम्ही म्हणजे स्वयंपाकाचं पुस्तक पाठ केलेला उपाशी माणूस,” वसंतभाऊ म्हणायचा.

“उपाशी कायले? वाचून अर्धं पोट भरतं. उरलेल्या अर्ध्याले डबा आहे.”

त्या थंडीत वीज फार जायची. संध्याकाळी दिवे गेले की टेलिप्रिंटर मधल्याच शब्दावर थांबायचा, आणि आम्ही तिघे मेणबत्तीभोवती चहा घेत बसायचो. अशाच एका अंधारात वसंतभाऊने ठरवून टाकलं की चोवीस तास सलग जळगाव खायचं. सकाळी दहाला सुरू करायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला थांबायचं.

मी आराखड्याचा कागद ओढला. आबांनी चष्मा पुसला.

पहिल्या दिवशी चारच चौकटी भरल्या, कारण भांडण फार झालं. मी धुळ्याचा. एक तरी चौकट धुळ्याला द्यावी असं माझं म्हणणं होतं.

“देवपूरकर, धुळ्याला जाऊन यायलाच पाच चौकटी जातील,” आबा म्हणाले. “त्यांत काय खाणार? एस. टी. ची हवा?”

“आणि मी धुळ्याचाच असून सांगतो,” वसंतभाऊ म्हणाला, “तिथली शेवभाजी खायची तर जळगावहून शेव न्यावी लागते.” हे खोटं होतं. पण त्या दोघांपुढे माझं एकट्याचं मत पडलं.

महिनाभर तो कागद माझ्या खणात होता. दिवे गेले की बाहेर यायचा. सकाळी दहाला कचोरी. साडेअकराला मठ्ठा आणि जिलेबी. दुपारी एकला शेवभाजी, तीही काळ्या मसाल्याची आणि वर तेलाची तर्री दिसेल अशी. चारच्या चौकटीत नुसतं ‘चालणे’ लिहिलं होतं. संध्याकाळी मेहरूण तलावाच्या बाजूला एका शेतातलं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात. पुढे दालबट्टी, मग रबडी. पहाटे स्टेशनजवळ पोहे. शेवटी फाफडा. मधली आणखी तीन धरून अकरा ठिकाणं झाली. एका चौकटीत आबांनी त्यांच्या बारीक अक्षरात ‘पचनासाठी राखीव’ असं लिहिलं होतं.

कागद भरत गेला तशी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. आबा प्रत्येक चौकटीवर बोलत होते, पण कधी जायचं हे विचारलं की चहाच्या कपात पाहत होते. शेवटी वसंतभाऊने सरळ विचारलं, “आबा, तुमची अडचण काय शे?”

त्यांच्या पत्नीला, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, पाच वर्षांपूर्वी लकव्याचा झटका आला होता. कमरेखालचं अंग गेलं होतं. आबा कामावर असताना अक्कांची धाकटी बहीण येऊन बसायची, ती गावातच दिलेली होती. आबांच्या सुट्टीच्या दिवशी ती आपल्या शेतावर जायची. म्हणजे आबांना सुट्टी असली की त्यांनी घरीच असायला हवं होतं.

“ड्युटीवर निघालो तर कुणी काही म्हणत नाही,” आबा म्हणाले. “खायला निघालो म्हणून कसं सांगू? ती तिथं पडलेली.”

मेणबत्तीचं मेण कागदावर पडलं. तो डाग नंतर कायम राहिला.

उपाय मी काढला. त्याच महिन्यात निवडणूक होती. तेव्हा मतपत्रिका हाताने मोजायचे. मोजणी सुरू झाली की दिवस आणि रात्र चालायची, आणि आम्ही ऑफिसातच मुक्कामाला असायचो. मोजणी संपली की दुसऱ्या दिवशी तिघांना बदली सुट्टी मिळणार होती. “घरी सांगा, मोजणी दोन दिवस चालणार,” मी म्हणालो. “एक दिवस खरा, एक आपला.”

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, “पेपर आमच्याकडे दुपारी पोचतो. निकाल लागला हे तिला त्याआधी कळणार नाही.”

“आणि त्या दिवशीचा पेपर घरापर्यंत गेलाच नाही तर?” वसंतभाऊ म्हणाला. “बोदवडचा वितरक मना दोस्त शे. आबा, बठ्ठं पक्कं शे. आते मांगे फिरानं नही.”

तिघेही वर्तमानपत्रातली माणसं. बातमी आमच्या कागदावरूनच घरात जाते असं तिघांनीही धरलं होतं. यात चूक कुठे आहे ते मोजणीच्या दिवसापर्यंत एकालाही दिसलं नाही.

मोजणी पहाटे संपली. आम्ही शेवटची बेरीज तपासली, पान सोडलं, गठ्ठ्यांवर चार तास झोपलो आणि सकाळी दहाला तोंडं धुऊन बाहेर पडलो. आबांनी इस्त्रीचा शर्ट पिशवीतून आणला होता. जळगावचं सकाळचं ऊन ते प्रथमच पाहत असल्यासारखे चालत होते. फुले मार्केटजवळ थांबले. दुकानांच्या पाट्या वाचू लागले. एका पाटीवर चूक होती, ती त्यांनी आम्हाला दाखवली.

कचोरी गरम होती. वरून चिंचेचं पाणी आणि बारीक शेव. आबांनी अर्धी खाऊन झाल्यावर डोळे मिटले. “कार्डावर ‘खास’ लिहिलंय,” ते म्हणाले. “मी दर वर्षी म्हणायचो, काढा तो शब्द. राहू द्या.”

मठ्ठ्यात आलं होतं. जिलेबी थोडी जास्त तळली गेली होती. मी हे सगळं लिहून घेत होतो, सवयीने.

एकला शेवभाजीच्या हॉटेलात बसलो. पितळी ताट, त्यात वाटी, वाटीत काळपट लाल रस्सा, वर तेलाचा जाड थर. शेव वेगळी आली. आबांनी ती स्वतःच्या हाताने रश्श्यात सोडली, भाकरीचा तुकडा मोडला आणि पहिला घास घेतला. तिखटाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते हसत होते. गल्ल्याजवळ रेडिओ चालू होता. आधी गाणं होतं, मग बातम्या लागल्या. आमच्या मतदारसंघाचं नाव आलं, विजयी उमेदवाराचं नाव आलं, आणि मतमोजणी आज पहाटे पूर्ण झाल्याचंही आलं.

आबांचा हात ताटावरच थांबला.

“तिच्या उशाशी रेडिओ असतो,” ते म्हणाले. “दिवसभर.”

वसंतभाऊ म्हणाला, “आबा, एवढं खाऊन तर घ्या.”

आबांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. हात धुतले, खांद्यावरच्या पंच्याने बोट-बोट पुसलं. “खोटं बोलून खाल्लेलं तिखट लागत नाही,” असं काहीसं म्हणाले, पण त्यांचे डोळे अजून तिखटानेच वाहत होते. दुपारच्या गाडीला वेळ होता. ते तसेच स्टेशनवर जाऊन बसले. आम्ही दोघांनी कागदावरची चारची चौकट पाहिली, ‘चालणे’, आणि आपापल्या खोलीवर जाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी आबा नेहमीच्या गाडीने आले. प्रुफं पुढे ओढली. दिवे जाईपर्यंत वाचत राहिले.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणाली, मोजणी तं पहाटेच झाली. मंग एवढ्या लवकर कशे आले?”

आम्हाला कळलं नाही. आबांनी समजावून सांगितलं. मेनूकार्डांची प्रुफं ते रोज घरी जाऊन अक्कांना सांगायचे. चोवीस चौकटींचा कागदही त्यांनी तसाच तोंडी सांगितला होता, फक्त आपण जाणार हे सोडून. अक्कांनी सकाळी सातला निकाल ऐकला, आणि हा माणूस आता कुठे असणार हे त्यांना समजलं. दहाला कचोरी, साडेअकराला मठ्ठा, एकला शेवभाजी, असं त्या दिवसभर घड्याळ बघत मोजत होत्या. बहिणीला मधूनमधून सांगत होत्या. चारला आबा दारात उभे राहिले तेव्हा अक्का चिडल्या होत्या. चालायच्या वेळी घरी कशाला आलात म्हणून.

“मग पुढचं विचारलं तिनं,” आबा म्हणाले. “मी म्हटलं, त्या दोघांनी खाल्लं असेल. विचारून सांगतो.” त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. “भरीत कसं होतं?”

मी आणि वसंतभाऊने एकमेकांकडे पाहिलं.

“खाल्लं नाही,” मी म्हणालो. “झोपलो.”

आबांनी मान हलवली. “मग खा. मी तिला सांगून बसलोय. एकदा खोटं झालं, पुरे.”

त्या थंडीचे पुढचे दोन महिने असे गेले. उरलेली आठ ठिकाणं आम्ही आठ वेगवेगळ्या दिवशी, पण कागदावर ज्या वेळी लिहिली होती त्याच वेळी जाऊन खाल्ली. पोह्यांसाठी पहाटे उठलो. परत येऊन मी टिपण लिहायचो. चवीपेक्षा माहिती जास्त, कारण मला तेवढंच येत होतं. आबा ते टिपण लाल पेनने दुरुस्त करायचे आणि बोदवडला नेऊन वाचून दाखवायचे. दुसऱ्या दिवशी कागद परत यायचा, समासात अक्कांच्या शंका घेऊन. अक्षर आबांचं, प्रश्न अक्कांचे.

‘दालबट्टीत तूप वरून घालतात की बट्टी बुडवून देतात?’

‘कढी कशात देतात, वाटीत की पेल्यात?’

‘खिडकीशी बसलात का? बाहेर काय दिसतं?’

‘शेजारच्या टेबलावर बाया होत्या का?’

बातमीत कोण, काय, कुठे, कधी, का, एवढं असलं की झालं, असं मला शिकवलं होतं. अक्कांना तेवढं पुरायचं नाही. बाया होत्या का याचं उत्तर मला आठवेना. मी पुन्हा गेलो. नव्हत्या. तसं लिहून पाठवलं.

चार ते पान सुटेपर्यंत ऑफिस, आणि उरलेल्या वेळात अक्कांचे प्रश्न. मी सुट्टीला धुळ्याला जायचं सोडलं. वसंतभाऊ वैतागला. “आपण खायला निघालो होतो, देवपूरकर. आता नोकरी लागली,” म्हणाला. पण दर वेळी बरोबर आला. कुठल्याही हॉटेलात शिरलो की मला आधी खिडकी शोधावी लागायची. जेवण समोर आलं की ते बोदवडच्या एका खाटेवर कसं ऐकू येईल याचा विचार यायचा, आणि घास तसाच राहायचा. त्या दोन महिन्यांत मी फार चांगलं खाल्लं. एकही जेवण माझं नव्हतं.

पौष संपत आला तेव्हा शेवटचं टिपण परत आलं. समासात एकच प्रश्न होता.

‘दाराला पायऱ्या किती?’

मी आबांकडे पाहिलं. ते दुसरं प्रूफ वाचत होते.

“सगळ्या ठिकाणच्या विचारलंय,” मान वर न करता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आणि वसंतभाऊ सायकलींवर निघालो आणि अकरा दारं केली. आधी कधीच दिसल्या नव्हत्या त्या पायऱ्या आता दिसू लागल्या. कचोरीवाल्याकडे दोन, त्यांतली एक फुटकी. मठ्ठ्याच्या दुकानात एक उंच फरशी. शेवभाजीच्या हॉटेलात पाच, आणि आत बसायला आणखी दोन. रबडीवाला पहिल्या मजल्यावर. अकरांपैकी एकच दार सरळ निघालं. मेहरूण तलावाजवळचं भरिताचं शेत. तिथे दारच नव्हतं. चार खांबांवर पत्रे, खाली सारवलेली जमीन, एका कडेला काड्यांचा जाळ. गाडीरस्ता थेट पत्र्याखालपर्यंत जात होता. मी पावलं टाकून पाहिलं. वसंतभाऊने खाली न उतरता सायकल आत नेऊन पाहिली.

“इथे अक्का येऊ शकतात,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. वांगी भाजणाऱ्या बाईंनी वळून पाहिलं.

मी यादी स्वच्छ करून लिहिली. अकरा नावं, समोर आकडे. शेवटच्या नावासमोर शून्य, त्याखाली दोन रेघा. संध्याकाळी दिवे गेले तेव्हा मेणबत्तीजवळ ती आबांपुढे ठेवली.

आबांनी चष्मा लावला. वरून खाली वाचली. एकही आकडा बदलला नाही. मग लाल पेन उघडून पहिल्या ओळीच्या वर, कोऱ्या जागेत, सुटलेला मजकूर घालायची खूण केली आणि लिहिलं: ‘बोदवड स्टेशन, गाडीत चढायला, ३.’

सव्वीस वर्षं रोज चढणाऱ्या माणसाला तो आकडा मोजावा लागला नव्हता.

“मोटार करू,” वसंतभाऊ म्हणाला.

“दोन तास बसवत नाही तिला. गाडीत निदान बाकावर आडवी पडेल.”

“मग आपण चौघं-पाच जण उचलून घेऊ. आबा, तीन पायऱ्यांचं काय एवढं?”

“पाच वर्षांत माझ्याशिवाय कुणाला हात लावू दिला नाही तिनं,” आबा म्हणाले. “सख्ख्या बहिणीलाही पाणी देण्यापुरतं. अन फलाटावर सारं गाव उभं असतं. अन मी एकटा तिला घेऊन तीन पायऱ्या…” आपल्या बारीक हातांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि यादीची घडी केली. “वाचून दाखवतो.”

दिवे आले. टेलिप्रिंटर मघाशी थांबलेल्या शब्दापासून पुढे सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी यादी परत आली नाही. प्रश्न मात्र आला, तोंडी.

“विचारलंय, त्या पत्र्याखाली बसायला काय असतं?”

मी दुसऱ्या दिवशी दुपारी, काम सुरू व्हायच्या आधी, तलावाजवळच्या त्या शेतात गेलो. हंगाम संपत आला होता, वांगी बारीक झाली होती. मी तासभर बसलो. बसायला गोणपाट होतं, त्यावर निळी सतरंजी. टेकायला मधला खांब. समोर तलावाचा एक तुकडा आणि त्यापलीकडे केळीची रांग. शेजारी दोन बाया, एक म्हातारी आणि तिची सून, भाकरीवर भरीत घेऊन खात होत्या. म्हातारीने पाय लांब केले होते. हे सगळं मी लिहिलं. चवीबद्दल एक ओळही लिहिली नाही. मी लिहिलेलं ते सगळ्यात लांब टिपण होतं.

आबांनी ते दुरुस्त केलं नाही. नुसतं वाचलं आणि डब्याच्या पिशवीत ठेवलं. तेही परत आलं नाही. आठवड्याने मी विचारलं.

“उशीखाली ठेवलंय,” आबा म्हणाले.

पुढे माझी बदली झाली, मग दुसरं वर्तमानपत्र, मग धुळे. चोवीस चौकटींचा कागद कुठल्या तरी खणात राहिला. आता या घराला चौतीस पायऱ्या आहेत. गुडघे दुखायला लागल्यापासून मी खाली फारसा उतरत नाही. धूर वर येतो. कुणीतरी हाक मारतं, “आबा, भरीत तयार शे, या ना खाले!” आता मलाच आबा म्हणतात. मी सांगतो, वर पाठवा. मग ते खाताना खाली बसायला काय अंथरलं आहे, कोण कोण आलं आहे, हे विचारतो. आणणाऱ्याला त्याचं नवल वाटतं.

नव्वदीच्या मध्यावर एकदा भुसावळच्या पुढे एका कामासाठी निघालो होतो. पॅसेंजर बोदवडला थांबली. अक्का दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, पत्र आलं होतं. गाडी दोन मिनिटं थांबते. मी खाली उतरलो आणि परत चढलो, सावकाश.

आबांची दुरुस्ती बरोबर होती. तीन. खालची पायरी फलाटापासून गुडघ्याइतकी उंच.